खुंटावरची धसकटं

बोरखडीच्या महिला मंडळाची लातूरची सहल निघायच्या आधी तीनदा मोडली. पहिल्यांदा सरपंचांच्या घरी बारसं निघालं, दुसऱ्यांदा अर्ध्या लेकरांना गोवर आला, आणि तिसऱ्यांदा गावातल्या चार शहाण्यांनी पारावर बसून ठरवलं की बायकांना लातुरात बघण्यासारखं काही नाही. पण बालवाडीच्या नीलाबाईनं एकदा डोक्यात घेतलं की ती कुणाचं ऐकत नसे. लातूर जिल्हा होऊन अडीच वर्षं झाली आणि आपल्या बायकांनी जिल्ह्याच्या गावात दवाखान्याशिवाय दुसरं दार पाहिलेलं नाही, हे तिला फार लागलं होतं. नव्या संग्रहालयात जुन्या कामधंद्याचं आणि दुष्काळाचं प्रदर्शन मांडलंय, लेकराबाळांसकट यायचं, तिथं वस्तूंना हात लावला तर कुणी खेकसत नाही, असं तिनं घरोघर जाऊन सांगितलं. शेवटी तेवीस बायका, सोळा लेकरं आणि एक पुरुष असा लवाजमा सकाळच्या पहिल्या गाडीला रेणापूरच्या स्टँडवर येऊन उभा राहिला.

तो एक पुरुष म्हणजे पार्वतीबाईचे मालक, व्यंकटराव. बायका एकट्या कशा जातील म्हणून ते निघाले होते, आणि कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं. गावात सगळे त्यांना मुकादम म्हणत. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर त्यांनी उणेपुरे आठ महिने मुकादमी केली. त्याला आता बारा वर्षं झाली होती, ते आपली शेती करत होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि नावाबरोबर ऐटही. गाडीत चढल्या चढल्या त्यांनी पुढची जागा धरली आणि मागं वळून डोकी मोजली.

पार्वतीबाई खिडकीशी बसली होती. शेजारी केवळाबाई येऊन टेकली आणि पार्वतीबाई अंग चोरून खिडकीकडं सरकली. बारा वर्षांत हे शंभरदा झालं असेल. विहिरीवर, रेशनच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात केवळाबाई समोर आली की पार्वतीबाईची नजर आपोआप खाली जायची. गावाला वाटायचं, मुकादमाची बायको आहे, गुर्मीत असेल. गावाला काय, काहीही वाटतं.

खरं तर अख्ख्या बोरखडीत पार्वतीबाईला कुणाचं कौतुक असेल तर ते केवळाबाईचं. बौद्ध वस्तीतली ही उंच, हाडापेरानं मजबूत बाई. हात असे की दगड उचलायचा म्हटलं तर दगडानंच आधी थोडं सरकून घ्यावं. चार लेकरं एकटीनं वाढवली, थोरल्याला शिकवून हदगावला तलाठी केलं, आणि तो साहेब झाला तरी स्वतःचं खुरपं सोडलं नाही. पार्वतीबाई तिच्याकडं चोरून बघायची. आपल्यात हिच्या चार आणेसुद्धा धमक नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि का नाही, हेही.

गोष्ट दुष्काळातली. तलावाच्या भरावाला माती लागायची ती शेजारच्या रानातून खणून काढत. खड्डा किती खणला हे कळावं म्हणून प्रत्येक टोळीनं खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट न खणता तसाच राखायचा. खड्डा खोल जाईल तसा खुंट उंच दिसे. सरकारी ओव्हरसियर येऊन खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत फीत लावी आणि तेवढं काम धरी. काही चलाख लोक रातोरात खुंटावर चार घमेली माती चढवून बसवत, म्हणजे खड्डा न खणता खोल. ही लबाडी ओळखायची खूण एकच होती. त्या रानात आदल्या सालच्या ज्वारीची धसकटं उभी होती. खुंटाच्या माथ्यावर धसकटं शाबूत असली की खुंट खरा. माथा उघडा आणि माती भुसभुशीत असली की टोळी बेइमान.

केवळाबाईच्या दहा बायकांच्या टोळीचा खुंट एका सकाळी उघडा निघाला. व्यंकटरावांनी बोट दाखवलं, ओव्हरसियरनं माती चिमटीत धरून बघितली, आणि सगळ्या कामासमोर टोळी मोडली. केवळाबाई ओरडली नाही. तिनं शपथा घेतल्या नाहीत. टिकाव खांद्यावर टाकून ती चालायला लागली. पण त्या दिवसापासून वस्तीतल्या त्या दहा बायकांना गाव ‘वरच्या मातीच्या’ म्हणू लागलं, आणि कुठं शेंगा तोडायला, कापूस वेचायला गेल्या तर त्यांची पाटी दोनदा तपासली जाऊ लागली.

धसकटं पार्वतीबाईनं उपटली होती. ती तेव्हा कामाच्या दुसऱ्या टोकाला खडी फोडायला होती. खड्डे, खुंट, मोजणी यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. जनावरं छावणीत, त्यामुळं गोवऱ्या नाहीत, आणि रानात काडी मिळणं मुश्कील. दिवस बुडताना घरी जाता जाता तिला त्या उंचवट्यावर पसाभर वाळकी धसकटं दिसली. खड्ड्यात उतरून, टाचा उंचावून तिनं ती मुळांसकट उपटली, तशी माथ्याची माती भुसभुशीत झाली; धसकटं तिनं पदरात बांधली आणि चुलीत घातली. सकाळी नवऱ्याचं बोट खुंटाकडं गेलं तेव्हा ती डोईवर खडीची पाटी घेऊन वीस हातांवर उभी होती. तोंड उघडायला एक घटका होती. नवऱ्याची साहेबासमोर फजिती होईल, घरी गेल्यावर आपली काय गत होईल, या विचारात ती घटका गेली. मग दिवस गेला, मग बारा वर्षं गेली.

“बरं हाय ना, मुकादमीनबाई?” केवळाबाईनं विचारलं.

पार्वतीबाई ‘हाव’ म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

संग्रहालय कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या इमारतीत होतं. ते सांभाळणारा मल्लिकार्जुन हा उदगीरकडचा तरुण, बारीक चणीचा, चष्मेवाला. एवढ्या बायका आणि लेकरं एकदम आत शिरताना बघून दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता, पण हा खुलला. त्यानं सगळ्यांना रांजणातलं पाणी दिलं आणि म्हणाला, चपला काढायची गरज नाही. तरी सगळ्यांनी काढल्या. एवढ्या निगुतीनं मांडलेल्या जागेत चपला घालून जायचं पार्वतीबाईच्या मनाला पटेना.

आणि काय मांडलं होतं त्या पोरानं. लाकडी मोटेची कमरेएवढी प्रतिकृती होती, दोर ओढला की खरंच पाणी वर यायचं. लेकरांनी तिला अशी घेरली की नीलाबाईला रांग लावावी लागली. तिफण होती, हातमाग होता, तांबटाचा भाता होता, निजामाच्या वेळची शेर-पायलीची मापं होती. एका कोपऱ्यात जातं होतं आणि शेजारी ज्वारीची पाटी. हवं त्यानं बसावं आणि दळावं. शहरातल्या दोन शिकलेल्या मुली दोघी मिळून ते ओढत होत्या आणि जातं जागचं हलत नव्हतं. केवळाबाईनं त्यांना बाजूला व्हा म्हटलं, मांडी घातली, जात्याच्या तोंडात बोट घालून आतली दांडी चाचपली, तिच्यात लाकडाची पाचर सारली, खुंटा ठोकून बसवला आणि एका हातानं गरगर फिरवलं. पांढरंशुभ्र पीठ पडायला लागलं. मल्लिकार्जुन तोंडात बोट घालायचा राहिला. त्या दांडीत पाचर घालायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं लगेच वही काढून लिहून घेतलं, आणि पार्वतीबाईला तो पोरगा त्यामुळं आणखीच आवडला. न कळलेलं लिहून घेणारा साहेब तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

शेवटच्या खोलीत दुष्काळ होता. टिकाव, फावडी, घमेली, दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीचं रिकामं पोतं, आणि भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे फोटो. सरकारी फोटोग्राफरनं काढलेले हे फोटो एका बंद पडलेल्या कचेरीच्या पेटीत सापडले, असं मल्लिकार्जुन सांगत होता. एक फोटो सगळ्यांत मोठा होता. रुंद खड्डा, त्यात घमेली घेतलेल्या बायका, आणि मधोमध पुरुषभर उंचीचा मातीचा खुंट. नीलाबाईनं खालची पाटी मोठ्यानं वाचली. कामाच्या जागी मजुरांनी उभारलेली ग्रामदेवता, असं तिथं लिहिलं होतं.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसत सुटल्या. मल्लिकार्जुन कानापर्यंत लाल झाला. पण त्यानं हुज्जत घातली नाही. त्यानं वही उघडली आणि विचारलं, मग हे काय आहे?

सांगायला केवळाबाई पुढं झाली. खुंट का राखायचा, फीत कुठं लावायची, चलाखी कशी करत, ती कशी ओळखायची, सगळं तिनं ओळीनं सांगितलं. सांगता सांगता ती फोटोच्या जवळ गेली आणि थांबली. खड्ड्याच्या कडेला ओळखीचं चिंचेचं खोड आणि त्याला टेकलेला फुटका दगड होता. घमेली घेतलेल्या बायकांत पुढची उंच बाई ती स्वतः होती. तिच्या शेजारी एक ठेंगणी तरुण बाई हसत होती.

“ही तर तुझी भामा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“असंल,” केवळाबाई म्हणाली.

भामाबाई ही केवळाबाईची पाठची बहीण. त्याच टोळीत होती. दुष्काळ सरल्यावर नवऱ्याबरोबर नांदेडकडं नायगावला गेली ती गेली. दोघींचं कशावरून तरी बिनसलं होतं. भामाच्या लेकीच्या लग्नालासुद्धा केवळाबाई गेली नव्हती. दोघींत काय झालं हे केवळाबाईनं कुणाला सांगितलं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

केवळाबाईचं बोट भामावर थांबलं नाही. ते खुंटाच्या माथ्यावर गेलं. तिथं वाळकी धसकटं उभी होती, एकेक मोजून घ्यावीत अशी.

“मुकादम,” ती म्हणाली, “जरा इकडं या.”

व्यंकटराव पुढं आले. केवळाबाईनं मल्लिकार्जुनला फोटोची तारीख विचारली. त्यानं फोटो भिंतीवरून उतरवून पाठीमागचं वाचलं. मोजणीच्या आदल्या दिवसाची तारीख होती. मोजणीची तारीख त्या खोलीतल्या निम्म्या बायकांना पाठ होती.

“आमचा खुंट हाय. वर धसकटं हायत. तुमीच बघा.”

व्यंकटरावांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी घसा साफ केला. माणूस दुष्ट नव्हता, पण बारा वर्षं एक गोष्ट खरी धरून चाललेल्या माणसाला ती सोडणं जड जातं. “फोटू दुपारचा हाय, सावल्या पायाशी हायत,” ते म्हणाले. “मोजणी दुसऱ्या दिशी सकाळी झाली. दुपारी धसकटं व्हती आन् सकाळी नव्हती, म्हंजे मधल्या येळात कुणीतरी काढलीच ना? मधी काय झालं ते कुणी बघितलं?”

त्यात खोट काढायला जागा नव्हती. केवळाबाईचा हात खाली आला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभरापूर्वी जे उजळलं होतं ते विझताना पार्वतीबाईनं बघितलं. हे बारा वर्षांपूर्वी तिनं वीस हातांवरून बघितलं होतं, आज हातभर अंतरावरून बघत होती. त्या एवढ्या मोठ्या बाईनं नंतर कुठंही मातीकामाला गेलं तर खड्ड्यात एकाच्या जागी दोन खुंट राखावेत, दुप्पट कष्ट घ्यावेत आणि का म्हणून कुणी विचारलं तर गप्प राहावं, हे पार्वतीबाईला ठाऊक होतं. मोटेच्या खोलीतून लेकरांचा गलका येत होता.

“म्या बघितलं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. व्यंकटरावही वळले.

“ती धसकटं म्या उपटली. दिवस बुडताना. जळण न्हवतं घरात. मला काय ठावं, त्याला मोजणी लावत्यात म्हनून. त्यावर मिलोच्या भाकरी भाजल्या.” तिनं नवऱ्याकडं बघितलं. “दोन तुमी खाल्ल्या. आन् सकाळी जाऊन हिला बेइमान म्हनलात. म्या तितंच उभी व्हते.”

व्यंकटरावांचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला. पार्वतीबाईला वाटलं, आता केवळाबाई आपल्या थोबाडीत मारेल, आणि मारली तर बरं होईल. पण केवळाबाई हळूच खाली बसली, टिकाव-फावड्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून.

“उपटलीस तवा तितं कुणी व्हतं?” तिनं विचारलं. बारा वर्षांत तिनं पार्वतीबाईला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं.

“न्हाई. तुजी भामा तेवढी लांब चालली व्हती, डोईवर काटक्यांचा भारा घिऊन.”

केवळाबाईनं डोळे मिटले. “म्या तिलाच म्हनलं, तूच उपटलीस,” ती म्हणाली. “शेवटी तीच खड्ड्यावर व्हती. भारा तिच्याच डोईवर. पाय धरून सांगत व्हती ती, अक्का, म्या न्हाई. म्या ऐकलं न्हाई. गावानं मला खोटं म्हनलं, आन् म्या माझ्या बहिणीला.”

आणि मग ती रडली. दुष्काळात, नवरा गेल्यावर, टोळी मोडल्यावर जी कुणाला रडताना दिसली नव्हती, ती बाई सगळ्या बायकांच्या देखत पदर तोंडाला न लावता रडली. पार्वतीबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. जवळ घ्यायचं धाडस तिला झालं नाही. ती नुसती बसून राहिली, आणि केवळाबाईनं तिला ऊठ म्हटलं नाही.

पहिल्यांदा हलले ते व्यंकटराव. त्यांनी मल्लिकार्जुनला पाटी बदलायला सांगितलं. काय लिहायचं, त्यानं विचारलं. व्यंकटराव थोडे अडखळले. “लिवा,” ते म्हणाले, “हा खुंट खरा व्हता. मुकादम चुकला.” मग ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्या माणसाला हे जमेल असं पार्वतीबाईला संसारात कधी वाटलं नव्हतं, आणि तिला त्याचंही बरं वाटलं, ते लपवण्यात काय अर्थ आहे.

मल्लिकार्जुननं जुनी पाटी काढली. टोळीची दहाही नावं त्याला हवी होती. केवळाबाई डोळे पुसून उठली आणि एकेक नाव सांगू लागली. तिनं पहिलं नाव भामाचं सांगितलं आणि स्वतःचं सगळ्यांत शेवटी. लिहून झाल्यावर नीलाबाईकडून ते दोनदा वाचून घेतलं. पाटी भिंतीवर लागली तेव्हा टोळीतल्या ज्या तिघी सहलीला आल्या होत्या त्या पुढं आल्या, आणि वाचता येत नसताना नीलाबाईनं दाखवलेल्या आपापल्या नावावर बोट ठेवून बघून गेल्या.

बाराच्या सुमारास सगळे लातूरच्या स्टँडवर आले. रेणापूरची गाडी लागली. लेकरं चढली, बायका चढल्या, नीलाबाईनं डोकी मोजली आणि दोन कमी भरली. केवळाबाई पलीकडं नांदेडच्या गाडीपाशी उभी होती. नांदेडला उतरून नायगावची गाडी मिळाली तर दिवस बुडायला पोचता येईल, असं तिनं कंडक्टरला विचारून घेतलं होतं. पार्वतीबाई तिच्या मागं चार पावलांवर होती, जावं की न जावं अशी.

“चल,” केवळाबाई म्हणाली. “तूच सांग तिला.”

लग्न झाल्यापासून पार्वतीबाई एकटी कुठल्या गाडीत बसली नव्हती. व्यंकटराव खिडकीतून बघत होते. घरी कोण बघणार, असं काहीतरी ते म्हणाले, पण आवाजात मुकादमी नव्हती.

“टोपल्यात भाकरी हायत,” पार्वतीबाईनं सांगितलं. “चूल पेटवायचं काम न्हाई.”

दोघी नांदेडच्या गाडीत चढल्या. या वेळी पार्वतीबाईनं खिडकीची जागा केवळाबाईला दिली. गाडी गावाबाहेर पडली, उघडी रानं लागली. मग पार्वतीबाईच्या लक्षात आलं की केवळाबाईच्या हातांनी तिकिटाची घडी घालून घालून पार चिंधी केलीय. तेच हात, ज्यांनी सकाळीच जातं एका हाती फिरवलं होतं.

“तिनं दोनदा सांगावा धाडला,” केवळाबाई बाहेर बघत म्हणाली. “लेकीच्या लग्नाला, आन् नातू झाला तवा. म्या गेले न्हाई. आता कंच्या तोंडानं जाऊ? तू म्होरं व्हय. म्या मागं उभी ऱ्हाते.”

पार्वतीबाईनं मान हलवली. काय बोलायचं ते एकदा बोलून बघावं म्हणून ती हळूच म्हणाली, “भामा, ती धसकटं म्या उपटली.”

केवळाबाईनं ते ऐकलं. मग तिनं तोंड फिरवलं आणि पार्वतीबाईच्या हातावर हात ठेवला.

“मोठ्यानं बोल,” ती म्हणाली. “ल्हानपनापासनं तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय.”